वर्गातल्या ट्रान्सजेंडर मुलांसाठी शाळेचं धोरण लिहायचंय, मदत हवी (कोल्हापूर)

घंटा_झाली | ९ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती आणि बागकामाच्या धाग्यांवर असते, आज वेगळंच काम काढलंय.

मी कोल्हापुरातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली तशी मुख्याध्यापकांनी मला आणि विज्ञानाच्या सरांना बोलावून सांगितलं, "ट्रान्सजेंडर मुलांशी शाळेने कसं वागायचं ते दोन पानांत लिहून द्या, शाळा समितीपुढे ठेवतो." सुट्टीत त्यांनी सुप्रीम कोर्टाच्या १७ ऑक्टोबरच्या निकालाची बातमी वाचली होती. जेन कौशिक या ट्रान्सजेंडर शिक्षिकेची उत्तर प्रदेश आणि गुजरातमधल्या खासगी शाळांतली नोकरी गेली, त्या प्रकरणाचा निकाल. मुख्याध्यापकांचं म्हणणं, शिक्षिकेच्या बाबतीत कोर्ट एवढं बोलतंय तर उद्या विद्यार्थ्यांबद्दलही विचारणारच, आपण आधीच तयार असू.

हे झालं कागदावरचं कारण. खरं कारण आमच्या एका वर्गात बसतं. ओळख पटू नये म्हणून इयत्ता सांगत नाही, काही तपशीलही बदललेत. पटावर नाव मुलाचं आहे. मैत्रिणी मधल्या सुट्टीत दुसऱ्याच नावाने हाक मारतात आणि त्या हाकेला लगेच ओ मिळते. हजेरीच्या नावाला मात्र दोनदा पुकारावं लागतं. गैरहजेरी खूप म्हणून मी हजेरीपट काढून बसले, तर खाडे बहुतेक बुधवारी आणि शनिवारी. बुधवारी पीटी, शनिवारी कवायत. दुसरी गोष्ट शिपाईमावशींनी सांगितली, माझ्या लक्षातच आली नसती: हे मूल शाळा सुटेपर्यंत पाणी पीत नाही. मुतारीत जावं लागू नये म्हणून.

आमचा कच्चा मसुदा असा. हजेरी नावाने न घेता नंबराने घ्यायची, सगळ्याच वर्गांची. आत्ता आमच्याकडे आधी मुलींचे नंबर आणि मग मुलांचे, ते पुढच्या जूनपासून आडनावाप्रमाणे सलग. तळमजल्यावर दिव्यांगांसाठी स्वच्छतागृह बांधलेलं आहे, त्यात सध्या गॅदरिंगचं सामान आणि मोडके बाक आहेत. ते मोकळं करून कडी बसवायची. पीटीच्या दिवशी सगळ्यांना ट्रॅकपँट आणि टीशर्ट. चिडवाचिडवीबद्दल "कठोर कारवाई करण्यात येईल" असं एक वाक्य लिहून ठेवलंय, पण ते वाक्य म्हणजे नुसती भिंतीवरची पाटी आहे हे आम्हा दोघांनाही कळतंय.

आणि पालकांच्या रकान्यापुढे कागद कोरा आहे. घरी काही माहीत नाही. सांगायचं का, कुणी सांगायचं, केव्हा? कोल्हापुरात किंवा आसपास कुठल्या शाळेने असं काही लिहून काढलंय का? कायद्याने काय बंधनकारक आहे आणि काय आमच्या हातात आहे, तेही कुणी सांगितलं तर बरं.

पेठेतला_बाब्या | ९ नोव्हेंबर

ताई, धोरण झ्याक हाय, पण पीटीच्या सरास्नी कोण सांगणार? आमच्या टायमाला एक सर हुते, केस कॉलरला टेकलं की भर रांगेत कात्री चालवायचं. सगळी पोरं हसायची, मी बी हसलोय. आमच्या वर्गातला एक जण त्यापायी नववीतनं जो गेला तो परत दिसलाच न्हाई. पुढं कुणीतरी सांगितलं, पुण्याला सिग्नलला बघितला म्हणून. केसाचं आधी बघा.

निरंजन_७९ | ९ नोव्हेंबर

विषय नाजूक आहे, कुणाला दुखवायचं नाही. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला स्वतःबद्दल एवढं कळतं का? या वयात मुलं आज एक म्हणतात, उद्या दुसरं. इन्स्टाग्रामवर काहीतरी बघायचं आणि तेच आपण आहोत असं वाटायचं. शाळेने त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि दोन वर्षांनी त्याचं मत बदललं, तर जबाबदार कोण? शिवाय आईवडिलांना अंधारात ठेवून शिक्षकांनी परस्पर काही ठरवणं मला बाप म्हणून मान्य नाही. माझ्या मुलाचं साधं पोट दुखलं तरी शाळेतून फोन येतो.

मोहिनी_को | ९ नोव्हेंबर

वाचतेय. आमच्या मुलीच्या शाळेतही हा विषय कुजबुजीतच आहे.

वकिली_शाहूपुरी | १० नोव्हेंबर

घंटा_झाली, कायद्याचं सांगतो.

नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याचा निकाल १५ एप्रिल २०१४ चा. आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे, असं सुप्रीम कोर्टाने त्यात म्हटलं. मग आला २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा, १० जानेवारी २०२० पासून लागू. तुमच्या कामाची कलमं सांगायची तर, कलम ३ भेदभावाला बंदी करतं आणि त्यात शिक्षणसंस्था थेट नावानिशी आहेत. कलम १३ प्रमाणे सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने समावेशक शिक्षण द्यायचं, खेळ आणि करमणुकीत भेदभाव न करता संधी द्यायची. म्हणजे गॅदरिंगसुद्धा यात आलं. कलम ११ प्रमाणे संस्थेत तक्रार अधिकारी नेमायचा. २०२० च्या नियमांत तर शिक्षणसंस्थेने छळाच्या तक्रारींसाठी समिती नेमावी असंही आहे, आणि त्रास देणारा शिक्षक असला तरी ती त्याच्याही बाबतीत पाहू शकते.

आता सर्वात जास्त घोळ जिथे होतो ते. मुख्याध्यापक म्हणतात, "आधी प्रमाणपत्र आणा, मग बघू." ट्रान्सजेंडर ओळखीचं प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात, अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर ऑनलाइन होतो, २०२० च्या नियमांप्रमाणे त्यासाठी वैद्यकीय तपासणी लागत नाही. पण अठराच्या आतल्या मुलासाठी अर्ज पालकांनीच करायचा असतो. म्हणजे घरी माहीत नसलेल्या मुलाकडे प्रमाणपत्र मागणं म्हणजे त्याला नकार देणंच झालं. भेदभाव करू नये हे सांगणाऱ्या कलमात प्रमाणपत्राची अट कुठेही नाही. मसुद्यात हे एक वाक्य ठळक घाला: "या धोरणाचा लाभ मिळण्यासाठी कोणतेही प्रमाणपत्र आवश्यक नाही."

उलट जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या मूळ प्रवेश नोंदवहीला, हात लावू नका. तिथलं नाव किंवा लिंग बदलायचं तर कागदपत्रं आणि शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. कुणी उत्साहात खाडाखोड केली तर पुढे दाखल्यावरून त्या मुलालाच खेटे घालावे लागतील.

बाब्याभाऊंनी लिहिलेली कात्री: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. २०१९ च्या कायद्याच्या कलम १८ मध्ये शारीरिक, शाब्दिक, मानसिक छळाला सहा महिने ते दोन वर्षं कैद आहे. पीटीच्या सरांना हे तोंडी न सांगता परिपत्रकाने सांगा आणि सही घ्या. सही घेतली की माणूस वाचतो.

शाळेतली_ताई_समुपदेशक | १० नोव्हेंबर

निरंजन, तुमचा प्रश्न पालकांच्या सभेत येणारच, म्हणून सविस्तर लिहिते.

मत बदलू शकतं, खरंय. म्हणूनच शाळेने करायच्या गोष्टी अशा असाव्यात ज्या उद्या सहज मागे घेता येतील. नंबराने हजेरी, ट्रॅकपँट, कडी लागणारं स्वच्छतागृह, हाक मारायचं नाव. यातलं काय कायमचं आहे? औषध किंवा शस्त्रक्रिया यांचा शाळेशी काडीचा संबंध नाही, तो डॉक्टर आणि कुटुंबाचा विषय. शाळेला "हे मूल ट्रान्सजेंडर आहे की नाही" याचा निकाल द्यायचाच नाहीये. मुलगा थोडा नाजूक चालतो म्हणून शिक्षकांनी परस्पर "तू ट्रान्स आहेस का" विचारायलाही जाऊ नये. नुसती चिडवाचिडवी सोसणारी, पण स्वतःला मुलगा म्हणवणारी मुलंही असतात. त्यांनाही याच नियमांचा उपयोग होतो.

वैद्यकीय बाजू: जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू आहे, हा विषय मानसिक आजारांच्या यादीतून बाहेर काढलाय. आणि "पोरगं सुधारून द्या" म्हणून उपचार करणं हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या परिषदांना कळवलंय. पालकांना समुपदेशकाकडे पाठवताना हे स्वतःला माहीत असावं, कारण सुधारून देतो म्हणणारे अजूनही भेटतात.

जाता जाता एक गाऱ्हाणं. शिक्षकांसाठी एनसीईआरटी या केंद्राच्या शैक्षणिक संस्थेने २०२१ मध्ये याच विषयावर एक प्रशिक्षण पुस्तिका काढली होती. वाद झाला आणि काही दिवसांतच संकेतस्थळावरून ती गायब झाली. मद्रास उच्च न्यायालयाने त्याबद्दल नाराजीही व्यक्त केली. त्यामुळे एकेका शाळेने आपापलं लिहिणं नशिबी आलंय.

चौंडकं | १० नोव्हेंबर

पालकांना सांगायचं का, यावर लिहितो. मी गडहिंग्लज भागातला.

शहरातल्या लोकांना वाटतं, घरी कळलं की मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील. आमच्याकडे तिसरंच होतं. पोरगं बाईसारखं वागतंय म्हटल्यावर आजी म्हणते, "देवीचं आलंय." मग सौंदत्तीला यल्लम्माच्या देवळात नेतात, गळ्यात मणी, हातात जोगव्याची परडी, आणि पोरगं देवीला सोडलं. माझा मामेभाऊ असाच गेला. हुशार होता, गणितात माझ्यापेक्षा पुढे. आठवीत शाळा सुटली. आता मंगळवार-शुक्रवार जोगवा मागतो, यात्रेत मान आहे, लोक पाया पडतात. तो स्वतः म्हणतो, देवीने सांभाळलं. मी त्याच्या श्रद्धेला नावं ठेवणार नाही. घरच्यांनी टाकलं नाही, हेही त्याच परंपरेमुळे. पण त्याला एकच वाट दाखवली गेली. साडी नेसायची असेल तर परडी घ्यावी लागेल, शाळेत साडीवाल्याला जागा नाही.

मार्गशीर्ष पौर्णिमेची यात्रा जवळ आलीय. त्या दिवसांत अशी पोरं आठ-दहा दिवस शाळेत दिसत नाहीत आणि मग कधीच दिसत नाहीत. वर्गशिक्षकाने त्या काळात घरी जाऊन यावं. मुलाच्या वागण्याबद्दल चकार शब्द न काढता नुसतं म्हणावं, "सहामाहीत मार्क चांगले पडलेत, दहावी झालीच पाहिजे." मामाच्या घरी असा कुणी मास्तर आला असता तर मामाने ऐकलं असतं.

पेठेतला_बाब्या | १० नोव्हेंबर

चौंडकंभाऊ, खरं बोलला. हितं ओढ्यावरच्या रेणुकेला आंबील यात्रेत बघतो की, एवढी एवढीशी पोरं असत्यात. कुणी इचारत न्हाई शाळा कंची.

करवीरकर_दादा | १० नोव्हेंबर

ज्या नगरीत राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, तिथे हा प्रश्न २०२५ मध्ये पडावा याचं आश्चर्य वाटतं.

मोहिनी_को | १० नोव्हेंबर

दादा, कोल्हापूरच्या कुठल्याही धाग्यावर पाचव्या प्रतिसादापर्यंत शाहू महाराज येतातच :) पण या वेळी चपखल आहे. महाराजांनी नुसता हुकूम काढला नाही, वसतिगृहं उघडली. पोरगं शिकायचं तर आधी ते राहणार कुठे, जेवणार कुठे, हे बघितलं. मुतारीची कडी त्याच जातीचं काम आहे.

मागचा_बाक | ११ नोव्हेंबर

खूप दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठीच. मी ट्रान्स बाई आहे, वय तिशीच्या आत. कोल्हापुरातल्याच शाळेत दहावीपर्यंत शिकले, शाळेचं नाव सांगणार नाही. आता एका खासगी कंपनीत अकाउंट्समध्ये आहे.

मसुदा वाचला. हजेरीची कल्पना फार आवडली. बाहेरून क्षुल्लक वाटेल, पण रोज सकाळी साठ जणांसमोर ते नाव, आणि "हजर" म्हटल्यावर माझ्या आवाजाची नक्कल करणारी मागची पोरं. दिवस तिथेच संपायचा.

चिडवण्याबद्दल: "कठोर कारवाई" नका लिहू. कारवाई होण्यासाठी मला तक्रार करावी लागते, आणि तक्रारीत तो शब्द माझ्याच तोंडाने पुन्हा म्हणावा लागतो. शिवाय तक्रार केली की सगळ्या शाळेला कळतं. त्यापेक्षा शिक्षकांवर टाका. वर्गात, मैदानावर, जिन्यात "बायल्या" किंवा "छक्का" कानावर पडलं तर तिथल्या तिथे थांबवायचं, कुणी तक्रार केली नसली तरी. माझ्या वेळी शिक्षकांना ऐकू येत होतं. ते फळ्याकडे तोंड करून लिहीत राहायचे. एक सर तर स्वतः "काय गं" म्हणून हाक मारायचे, वर्ग हसायचा, मग मला स्नेहसंमेलनात लावणीला उभं करायचे. नाचायला मी आवडते, शेजारी बसायला नाही. गॅदरिंगबद्दल म्हणून लिहा: मुलाला विचारल्याशिवाय "बाईचं सोंग" देऊ नये.

मला तारलं ते ग्रंथालयाच्या मॅडमनी. त्यांनी कधी काही विचारलं नाही. मधल्या सुट्टीत पुस्तकांना नंबर टाकायचं काम दिलं, त्यामुळे मला मैदानात जावं लागायचं नाही आणि लपतेय असंही दिसायचं नाही. तुमच्या धोरणात अशी एक जागा आणि एक माणूस असू दे. समिती वगैरे नंतर.

निरंजन, तुम्हाला उत्तर द्यायचं म्हणून नाही, पण मला सहावीत कळत होतं. शब्द नव्हता, एवढंच. इंटरनेट घरी आलं तेव्हा मी बारावीला होते.

आणखी एक. बोर्डाच्या परीक्षेला केंद्रावर कॉपीसाठी झडती घेतात. मुलांच्या रांगेत, पुरुष शिक्षक. मी मराठीच्या पेपरला पहिला अर्धा तास नुसती थरथरत बसले होते. शाळेने केंद्रसंचालकांना आधी भेटून सांगावं, की झडती कुणी आणि कुठे घ्यायची हे त्या विद्यार्थ्याला विचारून ठरवा. नियमात बसतं की नाही ते वकील सांगतील, पण मुख्याध्यापक स्वतः जाऊन बोलले तर केंद्रावर ऐकतात.

वकिली_शाहूपुरी | ११ नोव्हेंबर

बसतं. झडती घेताना विद्यार्थ्याची अप्रतिष्ठा झालीच पाहिजे असा नियम कुठलाही नाही. केंद्रसंचालकांना लेखी पत्र द्या, पोच घ्या.

दहावीचंच आणखी एक: बोर्डाच्या अर्जात नाव जनरल रजिस्टरमधून जातं, प्री-लिस्ट, म्हणजे त्या नोंदींची यादी, शाळेकडे तपासायला येते. पालक तयार असतील आणि प्रमाणपत्र मिळणार असेल तर ते सगळं दहावीच्या आधी उरकावं. गुणपत्रिका छापून आल्यावर बदल करायचा म्हणजे बोर्डाच्या पायऱ्या झिजवायच्या. आठवीपासूनच वर्गशिक्षकांनी हे वेळापत्रक डोक्यात ठेवावं.

निरंजन_७९ | ११ नोव्हेंबर

मागचा_बाक, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. लावणीचं वाचून वाईट वाटलं. आमच्याही गॅदरिंगला हेच चालायचं.

तरी माझे दोन मुद्दे उरतातच. पालकांचा, आणि दुसरा म्हणजे मुलींचा. माझी मुलगी नववीत आहे. पटावर मुलगा असलेलं मूल मुलींच्या स्वच्छतागृहात आलं तर तिला संकोच वाटेल, आणि तिचा संकोचही खराच आहे ना? ती वाईट ठरत नाही त्याने.

शाळेतली_ताई_समुपदेशक | ११ नोव्हेंबर

नाही ठरत. म्हणून तर मसुद्यातली कडीची खोली सगळ्यांसाठी आहे. पाळी आलेली मुलगी, पायाला प्लास्टर असलेला मुलगा, पोट बिघडलेलं कुणीही. "ट्रान्सजेंडर स्वच्छतागृह" अशी पाटी लावली तर ते मूल तिथे जाणारच नाही, पुन्हा पाणी पिणं बंद. पाटी लावू नका आणि किल्ली ऑफिसात ठेवू नका. किल्ली मागायला जाणं म्हणजे रोजची हजेरीच झाली.

त्या खोलीची सक्तीही नको, हे मात्र मी लिहीन. मूल, पालक आणि शाळा मिळून पुढे वेगळं ठरवू शकतात.

पालकांचं मला असं वाटतं. शाळेने मुलाचं गुपित स्वतःहून फोडू नये. पालकांनी थेट विचारलं तर खोटंही बोलू नये. "तुम्हीच त्याच्याशी बोला, मी सोबत बसते" म्हणावं. जिवाला धोका, घर सोडून जाणं, स्वतःला इजा करून घेणं यातलं काही दिसलं तर मग गुपित बाजूला ठेवायचं. मारहाणीची भीती असेल तर १०९८ ही चाइल्डलाइन आणि बाल कल्याण समिती आहे. पण २०१९ च्या कायद्यातच आहे, की ट्रान्सजेंडर असण्याच्या कारणावरून मुलाला आईवडिलांपासून वेगळं करता येत नाही, कोर्टाचा आदेश असेल तरच. म्हणजे शेवटी त्या घरातच त्याला राहायचंय. तेव्हा पालक हे शत्रू धरून धोरण लिहू नका. वेळ द्या. बऱ्याच आया आधीच ओळखून असतात, कुणी विचारेल या भीतीने गप्प बसतात.

कोचीत_कोल्हापूरकर | १२ नोव्हेंबर

अवांतर होतंय, पण गणवेशावरून सांगतो. केरळात कोळिकोड जिल्ह्यातल्या बालुसेरीच्या सरकारी शाळेने डिसेंबर २०२१ मध्ये मुलींनाही पँट-शर्ट केला तेव्हा मोर्चे निघाले. तुम्ही फक्त पीटीच्या दिवशी ट्रॅकपँट करताय ते हुशारीचं आहे. कुणाला कळणारही नाही की यामागे काही धोरण आहे. तीन महिन्यांनी मुलीच म्हणतील, रोज हाच ठेवा.

घंटा_झाली | १४ नोव्हेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. बालदिनाच्या कार्यक्रमातून आत्ता मोकळी झाले. मसुदा पुन्हा लिहिला, बदल सांगते.

प्रमाणपत्राचं वाक्य पहिल्याच ओळीत गेलं. "कठोर कारवाई" काढून टाकलं, त्या जागी कानावर पडताच थांबवण्याची जबाबदारी त्या वेळी हजर असलेल्या शिक्षकाची, असं लिहिलं. सहकारी सर म्हणाले, स्टाफरूममध्ये यावर कुरकूर होईल. होऊ दे. केस आणि कात्री यावर स्वतंत्र परिपत्रक, सहीसकट. मार्गशीर्षातल्या गृहभेटीचं चौंडकं यांनी लिहिलं ते जसंच्या तसं घेतलं, फक्त "यात्रा" शब्द न घालता "सलग चार दिवस गैरहजेरी" असं केलं, म्हणजे कुणाच्या श्रद्धेवर बोट ठेवल्यासारखं होणार नाही. शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती कागदोपत्री आहेच, तक्रारी तिच्याकडेच जोडल्या, म्हणजे नवी समिती नेमायला दोन वर्षं जाणार नाहीत. सोबतचा माणूस म्हणून ग्रंथपाल सर तयार झालेत. त्यांना कारण सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

मुख्याध्यापकांनी दिव्यांगांच्या खोलीतले बाक काल बाहेर काढले. धोरण मंजूर व्हायचंय, पण बाक काढायला ठराव लागत नाही म्हणाले.

शाळा समितीची बैठक महिनाअखेरीस. संस्थेचे एक पदाधिकारी "शाळेचं नाव खराब होईल" म्हणणार आहेत, त्यांच्यासाठी वकिलीसाहेबांची कलमं छापून ठेवलीत.

एक राहिलं. डिसेंबरात सहल आहे, गणपतीपुळे-रत्नागिरी, एक मुक्काम. झोपायची व्यवस्था हॉलमध्ये, मुलं एकीकडे, मुली दुसरीकडे. ते मूल नाव देणार नाही हे मला माहीत आहे. काय करू?

मागचा_बाक | १४ नोव्हेंबर

मीही कधी नाव दिलं नव्हतं. दोन गोष्टी करून बघा. सहलीच्या अर्जात सगळ्यांनाच "कुणासोबत झोपायला आवडेल, तीन नावं लिहा" असा रकाना ठेवा. आणि हॉलला लागून शिक्षकांची खोली असते, तिथे आजारी मुलांसाठी म्हणून दोन गाद्या जादा टाका. मग त्या मुलाला एकटं गाठून एवढंच सांगा, की अशी सोय आहे. आग्रह करू नका.

आंघोळीचं विसरू नका. सकाळी सगळ्यांच्या आधी अर्धा तास मोकळा ठेवा. लवकर उठायला कुणीच तयार नसतं, त्यामुळे कुणाला शंका येत नाही.

पेठेतला_बाब्या | १४ नोव्हेंबर

आणि सहलीला त्ये पीटीचं सर नगंत. दुसरं कुणीतरी पाठवा.

घंटा_झाली | १५ नोव्हेंबर

बाब्याभाऊ, त्यांचंच नाव यादीत पहिलं होतं. आज बदलून घेतलं. अर्जात रकाना घातलाय, अर्ज सोमवारी वाटणार.